नारळ कोणत्या हातातला?

'हातावर नारळ देणे' या शब्दांचे मराठीत दोन अर्थ आहेत. एक सत्काराचा, दुसरा कामावरून काढून टाकण्याचा. नारळ तोच. देणारा हातही पुष्कळदा तोच. ऑफिसात, मिलमध्ये, नगरपरिषदेत तीस-तीस वर्षं घालवलेल्या माणसाला शेवटच्या दिवशी खुर्चीवर बसवतात, शाल घालतात, नारळ देतात, भाषणं करतात, पेढा-चिवडा खातात आणि घरी पाठवतात. त्या दिवशीचा नारळ या दोन्हींतला कोणता, हे कोणी ठरवायचं? मालकाने? बोलणाऱ्या साहेबाने? की घेणाऱ्याने?

कार्यकर्त्यांना हा प्रश्न किरकोळ वाटेल. अत्याचार आहेत, जमिनी आहेत, बेकारी आहे, आणि हा लेकाचा शाल-श्रीफळ घेऊन बसला, असं म्हणतील. पण माणसाच्या कामाची किंमत कोण करतो आणि कशात करतो, हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा प्रश्न आहे. या समारंभात तो उघडा पडतो. म्हणून लिहितो.

आधी हे समजून घेऊ की निवृत्ती ही आपल्या लोकांसाठी नवी वस्तू आहे. वतनदार महाराला निवृत्ती नव्हती. मुंबई इलाख्यात १८७४ चा वतनाचा कायदा होता. त्याच्याखाली राबणाऱ्या महाराला कामाचे तास नव्हते, कामाची यादी नव्हती. बाप आजारी तर पोरगा, पोरगा परगावी तर घरातलं दुसरं कोणी. हाक आली की हजर. मोबदला म्हणजे तुटपुंजी जमीन आणि गावाने दिलं तर बलुतं. बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ ला मुंबई कौन्सिलात या कायद्याच्या दुरुस्तीचं बिल मांडलं, ते हा फास सोडवायला. वतनं कायद्याने गेली १९५८ साली, बाबासाहेब गेल्यानंतर. आपल्या झाडीपट्टीत कायदा निराळा असेल, पण बापाच्या हातची काठी पोराच्या हातात जाताना आपल्या म्हाताऱ्यांनी पाहिली आहे.

जिथे काम जातीने ठरतं तिथे माणूस मेल्यावरच सुटतो. तेव्हाही काम संपत नाही, ते पोराला धरतं. नोकरीचं तसं नाही. नोकरीला लागल्याची तारीख असते म्हणून सुटल्याचीही असते. काम आणि माणूस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, काम संपल्यावरही माणूस उरतो, हे त्या तारखेने कबूल होतं. मला ही तारीख फार मोलाची वाटते.

उरलेला माणूस काय करू शकतो, याचा दाखला दूर शोधायला नको. गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये पलटणीतून निवृत्त झाले. दापोलीला राहिले. १८८८ मध्ये त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहिलं. आपल्या लिखाणाच्या अगदी सुरुवातीला एक पेन्शनर उभा आहे. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी, तेही पेन्शनर. दर महिन्याला ठरलेला पैसा येतो आणि तो कोणाच्या मेहेरबानीचा नसतो, तेव्हा माणसाची मान वर होते, डोकं चालू लागतं. म्हणून म्हाताऱ्या कामगाराची पेन्शन हा मला पोटाइतकाच विचाराचा प्रश्न वाटतो. प्रॉव्हिडंट फंडाच्या पेन्शनीची किमान रक्कम २०१४ साली महिना १,००० रुपये ठरली. दिवसाला तेहतीस रुपये. तेहतीस रुपयांत आज कोण वलंगकर होईल?

आता समारंभाकडे येतो. मी ज्या तांदळाच्या मिलमध्ये राबतो, तिथल्या ऑफिसात एक मामा होते. मामांचं नाव लिहीत नाही, मिलचंही नाही. झाडणं, पाणी भरणं, टपाल नेणं, बँकेच्या चकरा, दिवाणजीचा चहा. एकतीस वर्षं. मामा सुटले त्या दिवशी मालक स्वतः बोलले. म्हणाले, मामा आमच्या घरचे. एकतीस वर्षांत एक रजा नाही. टाळ्या पडल्या. मी पण वाजवल्या, मामांसाठी. रजिस्टरात मात्र मामा घरचेही नव्हते आणि मिलचेही नव्हते. ते ठेकेदाराचे होते, आणि ठेकेदार तीनदा बदलला होता. शाल खांद्यावर घेऊन मामा कोंड्याच्या ढिगाजवळ आले आणि मला म्हणाले, "शाल तं बेस हाय बाबू. पन हिसोब कोनाले मांगू?"

भाषणात हा विषयच नव्हता. असे समारंभ पुष्कळ ठिकाणी होतात आणि सगळीकडे तेच शब्द ऐकू येतात. घरचा माणूस, निष्ठा, सेवा. हे शब्द गोड आहेत म्हणून तपासून घेतले पाहिजेत.

'घरचा माणूस' घ्या. घरात कोणी पगार मागत नाही, म्हणून घरचा म्हटल्यावर हिशेब मागणाऱ्याची जीभ जड होते. पण घरच्या माणसाला वाटणी असते. मामांना वाटणी नाही, कारण ते परके. हिशेब नाही, कारण ते घरचे. दोन्हीकडून मामाच बुडाले.

'एक दिवस रजा नाही' ही निष्ठेची खूण म्हणून सांगतात. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री होते. पगारी रजा, आठवड्याला ४८ तासांची मर्यादा, हे त्यांच्या त्या कारकिर्दीतले कायदे आहेत. ज्या माणसाला पोराच्या तापासाठी, बायकोच्या बाळंतपणासाठी, चौदा ऑक्टोबरच्या दीक्षाभूमीसाठी एक दिवस मिळाला नाही, किंवा मागायची हिंमत झाली नाही, त्याच्या रजा न घेण्याचं कौतुक करणं म्हणजे वतनदाराच्या चोवीस तासांचं कौतुक करणं. यात मामांचा दोष नाही. टाळ्या वाजवणाऱ्यांनी मात्र विचार करावा.

भगवान बुद्धाने राजगृहात सिगाल नावाच्या गृहस्थाला उपदेश केला. त्यात मालकाची नोकराशी पाच कर्तव्यं सांगितली आहेत. ताकद पाहून काम द्यावं. अन्न आणि वेतन द्यावं. आजारात काळजी घ्यावी. घरात चांगलंचुंगलं आलं तर त्यातलं द्यावं. वेळोवेळी रजा द्यावी. नोकराचीही कर्तव्यं तिथे सांगितली आहेत. मालकाच्या आधी उठावं, मागून झोपावं, हे त्यातलं एक. ते आज आपण घेणार नाही, तो काळ वेगळा. पण नातं दोन्ही बाजूंचं आहे. एका बाजूने नुसती निष्ठा आणि दुसऱ्या बाजूने नुसती शाल, असं नातं धम्मात बसत नाही. वेतन आणि रजा या दोन्ही गोष्टी तिथे कर्तव्य म्हणून आल्या आहेत, उपकार म्हणून नाही.

आता 'सेवा'. गडचिरोलीत भामरागड-एटापल्लीच्या टोल्या-टोल्यावर अंगणवाडीची बाई पोरांना वजनकाट्यावर उभं करते, आहार देते, नोंदी ठेवते. तिला म्हणायचं सेविका. तिच्या पगाराला म्हणायचं मानधन. मान द्यायचा म्हणून धन कमी. गुजरातच्या अंगणवाडीच्या बाया या प्रश्नावर सुप्रीम कोर्टापर्यंत भांडल्या. २५ एप्रिल २०२२ ला कोर्टाने निकाल दिला की सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू आहे, आणि मानधन म्हणजे वेतनच. एका शब्दाखाली दडवलेलं देणं बायांनी बाहेर काढलं.

ग्रॅच्युइटी या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थही खुशीने दिलेली बक्षिसी असाच आहे. १९७२ च्या कायद्याने ती बक्षिसी मालकावरचं कर्ज केली. पाच वर्षं सलग काम झालं की दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिना सव्वीस दिवसांचा धरून. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून शेवटी १३,००० असेल तर रोज पडला ५००. वर्षाचे झाले ७,५००. तीस वर्षांचे २,२५,०००. हंगामी कारखान्यात हंगामाला सात दिवसांचा पगार. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, पण पंधरा दिवसांचा हिशेब तसाच राहिला. कायदा दहा माणसांपासून लागतो, म्हणून काही मालक रजिस्टरावर नऊच ठेवतात. हे गणित प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ पाहिजे. बावीस प्रतिज्ञा पाठ आहेत, हेही होईल.

ठेकेदाराच्या आणि रोजंदारीच्या माणसाचं काय? केंद्रीय जल आयोगात झाडलोट आणि बागकाम करणारी माणसं वर्षानुवर्षं राबली. काम बारमाही, नाव मात्र तात्पुरत्याचं. २०१८ मध्ये त्यांना काढलं. ती लढली. २० डिसेंबर २०२४ ला न्या. विक्रम नाथ आणि न्या. प्रसन्न वराळे यांच्या खंडपीठाने त्यांना परत घेऊन कायम करायला सांगितलं. नारळ घ्यायला नकार दिला म्हणूनच हे झालं.

एक गोष्ट मात्र माझ्या मनात सुटत नाही. सफाई कामगार निवृत्त झाला की त्याच्या वारसाला ती नोकरी मिळावी, अशी लाड-पागे समितीच्या शिफारशींवरून महाराष्ट्रात पद्धत आली. बापाच्या निरोपाच्या दिवशी पोराच्या नोकरीचा कागद तयार होतो. घरात चूल पेटते, म्हणून ती नोकरी सोडा असं मी कोणालाच म्हणणार नाही. ज्याचं पोट भरलेलं आहे त्याने असला सल्ला देऊ नये. पण बापाचा झाडू पोराला देणं आणि बापाची काठी पोराला देणं, यात फरक किती? माणूस निवृत्त झाला, जात कामावरच राहिली. शिकलेल्या पोराला नोकरी द्या, झाडूच का देता, ही मागणी आपणच लावून धरली पाहिजे.

१६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी आपल्या चांद्यात दीक्षा दिली. त्या दिवशी जी माणसं उभी राहिली, ती मला पुष्कळदा एका समारंभात उभी असल्यासारखी दिसतात. गावकीच्या चाकरीतून ती एकदम, बायकापोरांसकट, निवृत्त झाली. मालकाचं भाषण नव्हतं. शाल नव्हती. पिढ्यांची थकबाकी कोणी दिली नाही. त्यांनी निरोप मागितला नाही, आपणच दिला.

काही मित्र म्हणतात, मग हे समारंभ बंदच करा, ढोंग आहे. मला ते पटत नाही. ज्याला जन्मभर 'ए, इकडे ये' अशी हाक आली, त्याला एक दिवस खुर्ची मिळते, त्याची बायको समोर बसून बघते, नातवंडं टाळ्या वाजवतात. हे हिसकावून घ्यायचा अधिकार आपल्याला कोणी दिला? समारंभ झालाच पाहिजे. तो आपण करू. विहारात करू, युनियनच्या खोलीत करू, झाडाखाली करू. फक्त क्रम बदलू. निवृत्तीच्या सहा महिने आधी त्याचे कागद बघायचे: हजेरी, फंडाचा नंबर, ठेकेदारांची नावं, लागल्याची तारीख. अर्ज करायचा. मग समारंभ. त्यात पहिल्यांदा किती मिळालं आणि किती राहिलं ते मोठ्याने वाचायचं. नंतर त्याच्याबद्दल बोलायचं, पण रजा न घेतल्याचं नाही. त्याने कोणाला काम शिकवलं, कोणत्या पोरीची फी भरली, कोणत्या संपात उभा राहिला, ते सांगायचं. ऑफिसातल्या बाबूबरोबर झाडणाऱ्या बाईलाही त्याच खुर्चीवर बसवायचं. आणि शेवटी त्यालाच बोलू द्यायचं, आपण गप्प बसायचं.

आमच्या मामांचे कागद आम्ही गोळा करायला घेतले आहेत. तुमच्या गावात, तुमच्या डेपोत, तुमच्या नगरपरिषदेत या वर्षी कोण सुटतंय, त्याची यादी करा. आजच करा.

जयभीम.