‘भारी!’ लिहिण्याआधी

समजा, एक मैत्रीण नोकरी सांभाळून रात्री चित्रं काढते. वर्षभर वही कुणाला दाखवत नाही. मग एका रविवारी तीन चित्रं इन्स्टाग्रामवर टाकते आणि कॉलेजच्या ग्रुपवर लिंक देते. मिनिटभरात आगीचे इमोजी, ‘कडक’, ‘भारी’, ‘एक नंबर’. तीन चित्रं नीट पाहायला याहून जास्त वेळ लागतो, म्हणजे बहुतेकांनी ती पाहिलेलीच नाहीत. मग हे सगळे खोटं बोलले का?

मला तसं वाटत नाही. असं ‘भारी’ म्हणजे चित्राबद्दलचं मत नसतंच. ती पोच असते : तू धाडस केलंस, आम्ही इथे आहोत. लग्नात आहेर देताना आपण जोडी कशी जमलीय याचं परीक्षण करत नाही, तसंच. घोळ होतो तो पोच आणि मत यांची सरमिसळ झाल्यावर. तिला वाटतं, चित्रं आवडली. आणि तिने काढलेले सगळे हात एकसारखेच दिसतात, हे तिला कुणीच सांगत नाही.

मग मित्राने सरळ खरं बोलावं? व्हिन्सेंट व्हॅन गॉगने चित्रकार व्हायचं ठरवलं ते १८८० मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी. त्याच वर्षी ब्रसेल्समध्ये त्याची अँटन व्हान रॅपार्ड या चित्रकाराशी गाठ पडली आणि मैत्री जमली. १८८५ मध्ये न्यूनेन या खेड्यात असताना व्हिन्सेंटने ‘बटाटे खाणारे’ हे चित्र केलं : दिव्याच्या उजेडात जेवायला बसलेली पाच माणसं. त्याचं शिळाप्रेसवर छापलेलं चित्र त्याने रॅपार्डला पाठवलं. रॅपार्डने उत्तरात एकेक चूक मोजून दाखवली. हात आखूड, नाक अर्धवट, एका माणसाला गुडघाच नाही. व्हिन्सेंटने ते पत्र त्यालाच परत पाठवलं. पुढे काही महिने पत्रं होत राहिली, पण मैत्री सावरली नाही.

रॅपार्डने चित्र पाहिलं नव्हतं असं कुणी म्हणू शकणार नाही. त्याने दाखवलेल्या चुकाही काही हवेतल्या नव्हत्या. पण ज्या हातांनी जमीन खणली तेच हात ताटात जातायत, हे व्हिन्सेंटला दाखवायचं होतं. रॅपार्ड हातांची लांबी मोजत बसला. ते हात तसे का काढलेत, हे त्याने विचारलं नाही.

आमच्या कामात कोड रिव्ह्यू असतो. चांगला रिव्ह्यूअर आधी वर लिहिलेलं वाचतो : हा बदल कशासाठी केलाय? ते न वाचता व्हेरिएबलच्या नावांवर दहा कमेंट टाकता येतात, पण कोड बरोबर आहे की नाही हे सांगता येत नाही. न वाचता ‘एलजीटीएम’ लिहून मोकळे होणारेही असतातच. फरक इतकाच की सिस्टिम कोसळली तर मंजुरी देणाऱ्यालाही जाब विचारला जातो. मैत्रिणीच्या चित्राला ‘भारी’ म्हणणाऱ्याला काहीच भरावं लागत नाही. किंमत मोजते ती एकटी.

म्हणून मला वाटतं, मित्र म्हणून आपण पहिल्यांदा देणं लागतो ते सत्यही नाही आणि कौतुकही नाही, तर वेळ. आधी नीट पाहायचं. चारचौघांत बोलताना जे खरंच आवडलं तेवढंच नाव घेऊन सांगायचं, कारण तिथे आपलं बोलणं तिसरा माणूसही वाचत असतो. उरलेलं वेगळ्या मेसेजमध्ये, आणि तेही प्रश्नाने सुरू करायचं : तुला इथे काय करायचं होतं? यात धोका आहेच. ती दुखावेल, कदाचित महिनाभर बोलणार नाही. पण ज्याला हा धोका पत्करायचा नाही, त्याने निदान आपली पोच म्हणजे मत आहे असं भासवू नये.

दाखवणाऱ्याचंही एक काम आहे. ‘बघा कसं वाटतं’ म्हणताना आपल्याला पोच हवीय की मत, हे आधी स्वतःला विचारायचं. पोच मागण्यात कमीपणा नाही.

१८८७ मध्ये व्हिन्सेंटने बहिणीला लिहिलं की न्यूनेनमध्ये केलेलं ‘बटाटे खाणारे’ हेच आपलं सर्वांत चांगलं काम आहे. आणि १८९० मध्ये तेच चित्र नव्याने करायचं त्याच्या मनात होतं. त्यासाठी त्याने कच्ची रेखाटनंही केली. चित्र चांगलं आहे आणि ते अजून व्हायचं आहे, या दोन्ही गोष्टी त्याला एकाच वेळी खऱ्या वाटत होत्या. मित्रालाही त्या दोन्ही एकदमच सांगता आल्या पाहिजेत.