तहातलं फ्रेंच कलम

३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात अंजनगाव सुर्जीला तह झाला. शाळेत या तहात गेलेला मुलूख तेवढा पाठ करून घेतात: गंगा-यमुनेचा दुआब गेला, भडोच गेलं, अहमदनगर गेलं, दिल्लीच्या बादशहावरचा हक्क सुटला. पण याच तहात आणखी एक अट होती. शिंद्यांनी यापुढे एकही फ्रेंच माणूस नोकरीत ठेवायचा नाही. इंग्रजांशी युद्धात असलेल्या दुसऱ्या कुठल्या युरोपी किंवा अमेरिकी राष्ट्राचा माणूसही नाही. त्याआधी तेरा दिवस देवगावला नागपूरकर रघूजी भोसल्यांशी जो तह झाला, त्यातही हीच अट घातलेली होती.

जिंकणाऱ्याने मुलूख मागितला तर समजू शकतं. हरलेल्याने कुणाला नोकरीवर ठेवायचं हेही त्याने ठरवावं, म्हणजे त्याला कशाची तरी खरोखर धास्ती वाटत असली पाहिजे. आर्थर वेलस्लीने, म्हणजे पुढच्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनने, असईच्या लढाईत त्या धास्तीचं कारण पाहिलं होतं. अकोला जिल्ह्यातल्या अडगावला आणि चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडावर त्याने उरलेला हिशेब पुरा केला आणि मग तहाला बसला. (शिंद्यांच्या बाजूने बोलणी करणारे विठ्ठलपंत इतके निर्विकार चेहऱ्याचे मुत्सद्दी होते, की पुढे फ्रान्सच्या तालेरांबद्दल विचारलं तेव्हा वेलिंग्टन म्हणाला, आहे विठ्ठलपंतासारखाच, पण तेवढा हुशार नाही. इंग्रज मुत्सद्दी माल्कमच्या चरित्रातला हा किस्सा वऱ्हाडात तरी सगळ्यांना माहीत असायला हवा.)

आज त्याच भोसल्यांच्या नागपुरात, मिहानमध्ये, दासो एव्हिएशन या फ्रेंच कंपनीच्या भागीदारीतला कारखाना उभा आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये त्याची पायाभरणी झाली, तेव्हा व्यासपीठावर नितीन गडकरी, देवेंद्र फडणवीस आणि अनिल अंबानी यांच्यासोबत फ्रान्सच्या संरक्षणमंत्री फ्लोरांस पार्ली होत्या आणि दासोचे अध्यक्ष एरिक ट्रॅपिए होते. इथे ‘इतिहासाचं वर्तुळ पूर्ण झालं’ असं लिहायचा मोह होतो. वर्तुळबिर्तुळ काही नाही. १८०३चा हिशेबच आपण अजून नीट मांडलेला नाही, आणि तो मांडल्याशिवाय नागपूरच्या कारखान्याकडे कसं पाहायचं ते कळणार नाही.

महादजी शिंद्यांनी १७८४ मध्ये बन्वा द ब्वान्य याला नोकरीत घेतलं. आपल्या बखरी-पुस्तकांतला हाच तो डिबॉईन. खरं तर तो सॅव्हॉयचा, शांबेरी गावचा. फ्रेंच पलटणीत काम केलेला, रशियाच्या चाकरीत राहून आलेला. आधी दोन पलटणी, मग त्यांचे कंपू, म्हणजे ब्रिगेड, झाले. पाटण, मेडता, लाखेरी अशा लढाया या कवायती फौजेने मारल्या. तिची खरी ताकद बंदुकीइतकीच पगारात होती. दुआबातला मुलूख फौजेच्या खर्चासाठी जायदाद म्हणून तोडून दिलेला, त्याची वसुली द ब्वान्यच्याच हाती, त्यामुळे शिपायाला महिन्याच्या महिन्याला पैसा मिळे. पगार थकणं हा ज्या काळात फौजेचा नेहमीचा आजार होता, त्या काळात ही मोठी गोष्ट होती. आग्र्याला तोफा ओतल्या जात. त्यांचा दर्जा कंपनीच्या तोफांहून कमी नव्हता, हे पुढे इंग्रजांनीच मान्य केलं.

१७९४ मध्ये महादजी गेले. दत्तक दौलतराव तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांचे. दोनेक वर्षांत द ब्वान्यही संपत्ती बांधून युरोपला गेला. शांबेरीत त्याच्या स्मारकाचं हत्तींचं कारंजं आजही आहे. वाकडी वाट करून पाहावं असं काही ते नाही, पण दुआबाच्या वसुलीचा थोडा अंश तिथे दगडात दिसतो. त्याच्या जागी पेरॉन आला. हा एक हात लढाईत गमावलेला माणूस, शूर होता, पण त्याचं लक्ष परतीच्या वाटेवर होतं. ऑगस्ट १८०३ मध्ये गव्हर्नर जनरल वेलस्लीने, म्हणजे आर्थरच्या थोरल्या भावाने, जाहीरनामा काढला: शिंद्यांच्या नोकरीतले इंग्रज अधिकारी इकडे येतील तर त्यांची सोय लावू. अधिकारी जाऊ लागले. सप्टेंबरच्या सुरुवातीला अलीगढ पडलं आणि काही दिवसांतच खुद्द पेरॉन कंपनीच्या आश्रयाला गेला. त्याच महिन्यात दिल्लीजवळ लढून हरलेल्या, पेरॉनच्या हाताखालच्या बुर्कानेही शरणागती पत्करली.

यावरून आपण काढलेला धडा तोंडपाठ आहे: परक्यांवर विसंबलो आणि बुडालो. मला तो अर्धवट वाटतो. परके गेल्यावर काय झालं ते पाहा. १ नोव्हेंबर १८०३ रोजी अलवरजवळ लासवारीला याच कंपूंतल्या पलटणी बहुतेक युरोपी अधिकाऱ्यांविना लढल्या, आणि इतक्या चिवटपणे लढल्या की इंग्रज सेनापती लेकने आपल्या भावना लपवल्या नाहीत. यांच्यावर फ्रेंच अधिकारी असते तर निकालाची खात्री देता आली नसती, असं त्याने कळवलं. त्याआधी असईला गोलंदाजांनी मेल्याचं सोंग घेऊन इंग्रजांची रांग पुढे जाऊ दिली आणि मागून पुन्हा तोफा डागल्या. तेव्हा तंत्र शिकलेली माणसं होती आणि मरायला तयार असलेली माणसंही होती. त्यांतल्या कुणाला पलटणीचा हुकूम द्यायची सवय मात्र कधी लागू दिली नव्हती. सुभेदार, जमादार, त्यापुढे शिडी संपायची. कप्तान आणि वरचे जवळजवळ सगळे युरोपी. जेम्स स्किनरची गोष्ट यात फार बोलकी आहे. याच फौजेतला अधिकारी, बाप स्कॉटिश, आई राजपूत. फितुरीचा सुकाळ असताना हा पेरॉनकडे जाऊन म्हणाला, मी शिंद्यांच्या बाजूने लढतो. पेरॉनने त्याला घालवून दिलं. मग स्किनरने कंपनीसाठी घोडदळ उभं केलं. त्याच्या नावाची पलटण आजही भारतीय सैन्यात आहे.

इतिहासकार रँडॉल्फ कूपरने २००३ मध्ये या युद्धावर जे पुस्तक लिहिलं, त्यातही रोख याच बाजूला आहे: मराठे तंत्रात मागे होते म्हणून हरले हे खरं नाही, त्यांची हुकूम देणारी फळी विकत घेता आली. त्यापुढे मी एवढंच जोडेन, की ती विकत घेता आली कारण ती आपण भाड्याने आणलेली होती आणि तिच्याखाली दुसरी फळी वाढूच दिली नव्हती. यात दोष पेरॉनचा कमी, शिंद्यांच्या दरबाराचा जास्त.

आता दासोकडे वळू. मार्सेल ब्लॉक या इंजिनिअरने पहिल्या महायुद्धात विमानाचे पंखे बनवून सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धात हा ज्यू माणूस बुखेनवाल्डच्या छळछावणीत गेला, जिवंत परतला आणि नवं नाव घेऊन दासो झाला. भारताने १९५३ मध्ये घेतलेलं तूफानी, पुढचं मिस्तेर, १९८५ मध्ये आलेलं मिराज २००० आणि आताचं राफेल, ही सगळी त्याच कंपनीची विमानं. सत्तर वर्षांत कंपनीच्या मुख्य खुर्चीवर किती माणसं बसली? वालिएर, मार्सेलचा मुलगा सर्ज, मग एडेल्स्टेन, आणि २०१३ पासून ट्रॅपिए. सर्जनंतर खुर्ची आडनावाकडे गेली नाही. कुटुंबाने मालकी हातात ठेवली, संचालक मंडळात जागा ठेवली, आणि कारभार कंपनीतच वाढलेल्या माणसांकडे दिला. एडेल्स्टेन १९६० मध्ये आत आले, ट्रॅपिए १९८४ मध्ये. ट्रॅपिएंचे सहकारी लोईक सेगालेन हेही जुनेच, २०१३ पासून त्यांच्या जोडीने आहेत. २०२५ मध्ये तर कुटुंबाच्या मूळ कंपनीची सूत्रंही ट्रॅपिएंकडे आली. महादजींनंतर शिंद्यांच्या दौलतीला अशी एखादी व्यवस्था लाभली असती तर, हा विचार मनात येतोच.

शेजारी हिंदुस्तान एरोनॉटिक्स ठेवून पाहा. ट्रॅपिए एकाच खुर्चीवर बसलेले असताना तिथे त्यागी, सुवर्णा राजू, माधवन, अनंतकृष्णन आणि सुनील असे पाच प्रमुख झाले. यातले कुणी कमी कुवतीचे होते असं मी म्हणत नाही. निवृत्तीला दोन-चार वर्षं उरली की माणसाला प्रमुख करायचं, ही आपली रीत. आणि नवं लढाऊ विमान कागदावरून आकाशात जायला दोन दशकं लागतात.

दासोच्या या नेतृत्वाचा एक स्वभाव जगजाहीर आहे: दुय्यम भूमिका घ्यायची नाही. १९८५ मध्ये युरोपच्या संयुक्त लढाऊ विमानातून फ्रान्स बाहेर पडला, त्यामागे नेतृत्व कुणाचं हा मोठा वाद होता. दुसऱ्याच वर्षी राफेलचा पहिला नमुना उडाला. २०१७ मध्ये फ्रान्स-जर्मनीने पुढच्या पिढीच्या विमानाचा प्रकल्प जाहीर केला, त्यातही एअरबसशी ट्रॅपिएंचं भांडण त्याच गोष्टीवरून. भारताने २०१२ मध्ये १२६ विमानांसाठी राफेल निवडलं तेव्हा हिंदुस्तान एरोनॉटिक्सने इथे बांधलेल्या विमानांची हमी कुणी द्यायची यावर घोडं अडलं. शेवटी सप्टेंबर २०१६ मध्ये ३६ तयार विमानांचा करार झाला. आपल्या बाजूने सही मनोहर पर्रीकरांची. त्या करारातल्या पन्नास टक्के परतफेडीच्या (ऑफसेटच्या) अटीतूनच मिहानच्या कारखान्याला वाट मिळाली. तिथे दासोचा भागीदार म्हणून अंबानींचीच निवड का, यावर देशात पुष्कळ राळ उडाली, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. त्या गदारोळात कारखान्यात कोण काय शिकणार, यावर एखादं वाक्यही कुणी बोललं नाही.

मिहानमध्ये फाल्कन २००० या व्यावसायिक विमानाचे भाग बनतात. जून २०२५ मध्ये पॅरिसला जाहीर झालं की संपूर्ण फाल्कनची जुळणी नागपुरात होईल, फ्रान्सबाहेर पहिल्यांदाच, आणि पहिलं विमान २०२८पर्यंत बाहेर पडेल. पाठोपाठ सप्टेंबरमध्ये दासोने आपला वाटा ४९ वरून ५१ टक्क्यांवर नेण्याचा करार केला. यावर ‘कारखाना परक्यांच्या घशात गेला’ अशी ओरड करणाऱ्यांशी मी सहमत नाही. जो एअरबसपुढे नमत नाही, तो हुकमत असल्याशिवाय अख्खं विमान इथे आणणार नाही, आणि काम आलं तरच हात शिकतील. महादजींनीही तोच सौदा केला होता. तो चुकीचा नव्हता. त्याला मुदत नव्हती, ही चूक.

नागपूरच्या शासकीय आयटीआयमध्ये दासोच्या सहकार्याने विमानबांधणीच्या फिटरचा अभ्यासक्रम सुरू झाला आहे. अंजनगाव, दर्यापूर, अकोटकडच्या पोरांनी तिथे जावं, जरूर जावं. पण रिव्हेट मारणारे हात असईलाही होते. विमानाच्या कारखान्यात खरी सत्ता एका सहीत असते. पत्र्याला पाडलेलं भोक केसभर चुकलं, तर तो भाग चालेल की भंगारात जाईल? ठरलेल्या मर्यादेच्या बाहेरचा असा प्रश्न विमानाचा आराखडा ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडे जातो, म्हणजे फ्रान्सला. जुळणी कितीही नागपुरात होवो, ही सही करणारा इंजिनिअर जोवर तिकडे बसतो, तोवर इथला सगळ्यात वरचा माणूसही सुभेदारच.

हवाई दलाला आणखी ११४ लढाऊ विमानं हवी आहेत आणि त्या मागणीत राफेलचं नाव पुढे आहे. देशी भाग किती टक्के, यावर आपले तज्ज्ञ तासन्‌तास वाद घालतात. तेवढाच वाद त्या सहीवर घालायला हवा: कोणत्या भागांसाठी, किती भारतीय इंजिनिअरांना, कोणत्या वर्षापर्यंत ती मिळणार, हे करारात कलम म्हणून लिहून घ्यायला हवं. ट्रॅपिएंना कंपनीत पाऊल टाकल्यापासून खुर्चीपर्यंत पोचायला एकोणतीस वर्षं लागली, तेव्हा आपल्या बाजूनेही घाई चालणार नाही; पंधरा वर्षांची मुदत मागितली तर ती वावगी नाही. दासोचे वाटाघाटी करणारे यावर चिडतील. चिडू द्यावं. १९८५ मध्ये ते स्वतः याच मुद्द्यावर टेबलावरून उठले होते, त्यामुळे आपण काय मागतोय हे त्यांना समजावून सांगावं लागणार नाही.