मोजणाराच चुकला तर?

केक मधोमध कच्चा राहिला किंवा बिस्किटे करपली, की घरात पहिला प्रश्न येतो, ‘केली कुणी?’ करणाऱ्याच्या हाताला नावे ठेवली जातात. घरात नवी सून असेल तर विचारायलाच नको. ओव्हनची चौकशी मात्र सहसा कुणी करीत नाही, कारण त्यावर ‘१८०’ हा आकडा स्पष्ट दिसत असतो. आकडा कसा खोटे बोलेल? नाताळच्या केकपुरताच हा प्रश्न नाही, म्हणून त्याचा थोडा विचार आपण करू या.

इलेक्ट्रॉनिक ओव्हनच्या आत, बहुधा मागच्या भिंतीवर, धातूची एक बारीक नळी असते. तो उष्णता मोजणारा सेन्सर. पुष्कळ ओव्हनमध्ये त्यात प्लॅटिनम असते. तापमान वाढले की प्लॅटिनमचा विजेला होणारा विरोध वाढतो. नेहमीच्या एका प्रकारात तो शून्य अंश सेल्सिअसला १००० ओहम, ३० अंशांना सुमारे १११७ आणि १८० अंशांना सुमारे १६८५ ओहम असतो. ओव्हन उष्णता ताडतो ती या ओहमवरूनच. जोडणीला गंज चढून त्यात ७५ ओहमची भर पडली, तर १६० अंशांनाच ओव्हनला वाटते, १८० झाले!

सेन्सर पार तुटला तर बहुतेक ओव्हन तशी खूण दाखवतात आणि तापायचे थांबतात. तो बिघाड लपत नाही. फसवतो तो थोडासा बिघडलेला सेन्सर. बाकीचे सारे यंत्र त्याच्यावर विश्वास ठेवून अगदी इमानाने चुकीचे काम करीत राहते.

आपल्या सद्सद्विवेकबुद्धीचेही असे होऊ शकते. ‘मी मनापासून, प्रामाणिकपणे वागलो’ असे आपण म्हणतो, आणि ते खरेही असते. पण प्रामाणिकपणा पुरेसा आहे का? आम्हांला वाटते, नाही. आपल्या माणसाची चूक १६० ला मोजायची आणि परक्याची १८० ला, अशी मनाला सवय जडली, तर आपला न्याय कितीही प्रामाणिक असो, तो कुणावर तरी अन्यायच करतो.

मग माप चुकले आहे हे ओळखावे कसे? ओव्हनच्या आकड्यावरून ओव्हनची परीक्षा होत नाही. त्यासाठी वेगळा थर्मामीटर मधल्या जाळीवर ठेवावा लागतो. ओव्हन तापतो, थांबतो, पुन्हा तापतो. म्हणून एकदाच पाहून निकाल देऊ नये, अर्धा तास नोंद घ्यावी. माणसालाही बाहेरचे असे माप लागते: तोंडावर खरे बोलणारा मित्र, घरातले वडीलधारे, आणि विशेषतः आपल्या निर्णयाची झळ ज्याला बसली त्याचे म्हणणे.

आकड्यात फरक आढळला तरी लगेच सेन्सरलाही दोषी ठरवू नये. दाराचे रबर सैल असेल, तर दोष तिथेही असू शकतो. ओव्हन पूर्ण थंड करून, विजेचा पुरवठा तोडूनच पुढे जावे. माहिती नसेल तर जाणकाराला बोलवावे. जोडणी सोडवून मल्टिमीटरने ओहम मोजावेत, गंज व तारा पाहाव्यात. सेन्सरच चुकीचा ठरला तर त्याच मापाचा नवा बसवावा. बहुधा दोन स्क्रूंचेच काम असते. जुनी तार भिंतीच्या आत निसटू नये, म्हणून आधी ती चिकटपट्टीने धरून ठेवावी. नंतर त्याच थर्मामीटरने पुन्हा तपासावे, कारण नव्यालाही परीक्षा चुकलेली नाही.

पुष्कळ घरांत मात्र दुरुस्तीऐवजी जुळवून घेतले जाते. ‘आमच्या ओव्हनला दहा मिनिटे जास्तच लागतात.’ जुन्या माणसांचे त्यावर भागते. जिला हे कुणी सांगितलेले नाही, तिचाच केक फसतो आणि बोलणीही तिलाच बसतात. कुटुंबातल्या आणि समाजातल्या कितीतरी वाकड्या रीती अशाच चालतात. सवय झालेल्यांना त्या टोचत नाहीत.

प्लॅटिनमने उष्णता मोजण्याची कल्पना विल्यम सीमेन्स यांनी १८७१ मध्ये मांडली. पण त्यांची उपकरणे तापवल्यावर हळूहळू चुकू लागली. १८८७ मध्ये ह्यू कॅलेंडर यांनी दाखवून दिले की, ती तार शुद्ध ठेवली, ताण व इतर द्रव्यांचा संसर्ग यांपासून जपली, तर ती अत्यंत भरवशाची ठरते. धातू तोच होता; निगा वेगळी होती.

आपल्या विवेकालाही अशी निगा हवी. राग, लोभ आणि आपलेपणाचा पक्षपात यांचा थर त्यावर नकळत चढतो. म्हणून कुणाच्या हाताला नाव ठेवण्याआधी आपले माप एकदा दुसऱ्याकडून तपासून घ्यावे. त्याला फार वेळ लागत नाही. न तपासलेल्या मापाने दुखावलेले माणूस परत जोडायला मात्र वर्षे लागतात.