तळ्याचा धनी कोण?

मालकीवांचून माणूस एखाद्या वस्तूचा मनापासून सांभाळ करूं शकतो काय, हा प्रश्न जितका ग्रंथांतला तितकाच गोंदिया जिल्ह्यांतील तळ्यांच्या कांठचाही आहे. अर्जुनी-मोरगांव तालुक्यांतील नवेगांवबांध हें गांव घ्या. त्याच्या नांवांतच बांध आहे. अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यानें डोंगरांच्या कुशींत पाळ घालून तेथील विस्तीर्ण तळें निर्मिलें. भोंवतालच्या डोंगरांना लोक ‘सात बहिणी’ म्हणतात. त्या बहिणींनीं कोलूला या कामांत हात दिला अशी आख्यायिका आहे. पुढें कोलूचाच ‘कोलासुर देव’ झाला.

या मुलखांत कोहळ्यांनीं व इतर मालगुजारांनीं बांधलेलीं तळीं धानाला पाणी देत आलीं. मालगुजार पाळ राखी, गाळ काढवी. कारण तळें भरलें तर त्याचीं कोठारें भरत. ही व्यवस्था केवळ पुण्याची होती असें मात्र कोणीं समजूं नये. मातीची टोपली ज्याच्या डोक्यावर, त्याला कारभारांत शब्द नव्हता. म्हणून १९५० च्या कायद्यानें मालगुजारी नष्ट होऊन तळीं सरकारकडे आलीं, तें न्याय्यच झालें. परंतु धनी बदलला तशी आस्थाही ओसरली. अनेक तळ्यांत गाळ सांचला, पाळी खचल्या.

यावरून कोणी म्हणेल, स्वार्थाखेरीज सांभाळ नाहीं. हा निष्कर्ष घाईचा होय. पाळ फुटली तर मालगुजाराचें नुकसान होई आणि ती दुरुस्त करण्याचा निर्णयही त्याच्याच हातीं असे. हानि आणि अधिकार एकाच ठायीं नांदत. पुढें हानि गांवाकडे राहिली व अधिकार कचेरींत गेला. जेथें या दोहोंची फारकत होते, तेथें सद्भाव असूनही कर्तव्य पोरकें होतें.

मग अधिकार गांवाला मिळाला म्हणजे सर्व साधेल काय? तेवढ्यानेंही नाहीं. कोलूला देव केला कीं त्याचें ऋण फिटलें असें आपणांस वाटतें. पण देवाची पूजा करितात, त्याचें अनुकरण कोणी करीत नाहीं, हीच त्यांतली सोय आहे. माणूस म्हणून तो आठवला तर मात्र अडचण होते. कारण मग त्याच्या टोपलींतली माती आपल्याही वांट्याला येते. तळ्याचा धनी कोण, हें दप्तर सांगेल. पाळीवर माती कोण घालणार, हें मात्र ज्यांचें धान त्या पाण्यावर पिकतें त्यांनींच सांगावयाचें आहे.