लाल दोऱ्याचा चाकू

दापोलीहून हर्णैला जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत, चिऱ्यांच्या गडग्यामागे तात्यांची रोपवाटिका होती. काजू, कोकम, जायफळ असं सगळं थोडं थोडं असे, पण खरा धंदा हापूसच्या कलमांचा. पाऊस तोंडावर आला की तात्या दोन-चार नवी माणसं हाताशी घेत आणि पहिल्याच दिवशी सांगून टाकत, "घमेलं, फावडं, झारी माझी. चाकू मात्र ज्याचा त्याचा."

त्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीला सुमन आणि महेश कामाला आले. तात्यांनी दोघांच्या हातावर 300-300 रुपये ठेवले. "यात चाकू आणा. कमी पडले तर पदरचे घाला, उरले तर तुमचे. पण जो आणाल तो वर्षभर रोज हातात राहायला हवा."

महेश त्याच संध्याकाळी बाजारात गेला. पदरचे 450 घालून त्याने अकरा अवजारांचा चाकू आणला. दोन पाती, कात्री, करवत, पेचकस, डबा फोडायचं, बाटली उघडायचं, आणखी काय काय. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो सगळ्यांच्या हातून फिरला. सुमनलाही तो आवडला. पण पदरचे 450 तिच्याकडे नव्हते, म्हणून ती तात्यांकडे गेली.

"तात्या, मी कोणता घेऊ?"

"मला काय विचारतेस गो? आठ दिवस माझी जुनी सुरी वापर, आणि काय काय कापतेस ते लिहून ठेव. बाकी काही करू नको."

सुमनने भिंतीवरच्या कॅलेंडरचं सरलेलं पान घेतलं आणि त्याच्या पाठीवर लिहायला लागली. सुतळी. खताच्या गोणीची शिवण. रोपांच्या काळ्या पिशव्या. कलम बांधायची प्लॅस्टिकची पट्टी. ठिबकची बारीक नळी. केळीचं सोपट. रोपाची वाळकी फांदी. दुपारी आंब्याची फोड. एकदा पायात गेलेला काटा काढायला टोक. पुढचे दिवस याच गोष्टी उलटसुलट येत राहिल्या. आठव्या दिवशी तात्यांनी पान चष्म्यासमोर धरलं.

"यातली सगळ्यात जाड वस्तू कोणती?"

"फांदी. अंगठ्याएवढी."

"झावळ तोडलीस का कधी?"

"ती कोयत्याने तोडतो ना."

"डबा फोडलास?"

"नाही."

"मग आता जा बाजारात."

चाकू घेताना आपण बहुतेक जण उलटं करतो, असं मला वाटतं. रोजची सुतळी आणि गोणी आपल्या ध्यानातही नसते. डोळ्यांसमोर असतं ते कधीतरी जाऊ असा डोंगर, कधीतरी रचू अशी शेकोटी. त्या न घडलेल्या दिवसासाठी आपण चाकू घेतो आणि तो खणात पडून राहतो. ज्या स्विस सैनिकी चाकूची नक्कल जगभर झाली, तोसुद्धा मुळात यादीतूनच आला. स्विस सैन्याने 1889 साली नवी बंदूक घेतली. ती खोलायला पेचकस हवा होता आणि डबाबंद अन्न उघडायला काहीतरी हवं होतं. म्हणून 1891 साली सैनिकांच्या हाती जो चाकू आला, त्यात चारच गोष्टी होत्या: एक पातं, एक पेचकस, एक डबा फोडायचं अवजार आणि एक टोच्या. बाकीचा पसारा पुढे वाढला. फ्रान्सच्या डोंगराळ सावॉय प्रांतात जोसेफ ओपिनेलने 1890 साली शेतकऱ्यांसाठी जो स्वस्त चाकू केला, त्यात तर लाकडाची मूठ आणि एक पातं, एवढंच. पातं उघडल्यावर जागी अडकवून ठेवणारी कडी त्याला 1955 साली आली. तोपर्यंत लोकांनी तो तसाच वापरला, आणि आजही तो खिशाला परवडणाराच आहे.

बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानात सुमन गेली तेव्हा दुकानदारकाकांनी काचेखालचा ट्रेच काढून तिच्यासमोर ठेवला. सगळ्यात वर खटक्याचा चाकू होता. बटण दाबलं की पातं सटकन बाहेर येत होतं.

"हा कशाला लागतो, काका?"

"पोरं घेतात."

तिने तो बाजूला सारला. खिशात असला चाकू सापडला तर पोलिसाला काय सांगणार, हा प्रश्न तिलाही कळत होता. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या हत्याराला आपल्याकडे परवाना लागू शकतो. शेतीची आणि घरकामाची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. तिच्या यादीला तीन इंचांचं पातंसुद्धा पुरून उरणार होतं.

तीन चाकू उरले. तात्यांनी निघताना काय बघायचं ते सांगितलं होतं, त्याप्रमाणे तिने एकेक हातात घेतला. आधी मिटलेला चाकू डोळ्यांसमोर धरून वरून पाहिलं. पातं मुठीच्या बरोबर मधोमध बसलंय का? एकाचं डाव्या बाजूला घासत होतं. तो परत ट्रेमध्ये गेला. मग पातं उघडून टोकाजवळ चिमटीत धरलं आणि डावी-उजवीकडे हलवून पाहिलं. दुसऱ्याचं पातं खुळखुळत होतं. नवा असतानाच खिळा ढिला असेल तर सहा महिन्यांनी त्याचं काय होणार? तिसरा हलला नाही. मिटताना त्याची पाठीमागची पट्टी बोटांना चांगला ताण देत होती, म्हणजे पातं आपोआप बोटांवर मिटणार नव्हतं. शेवटी तिने तो मुठीत घट्ट दाबून धरला. शिसवीसारख्या काळपट लाकडाची मूठ, कडा गोल केलेल्या, तळव्याला काहीच रुतत नव्हतं. किंमत 120 रुपये.

"हा गंजेल हो," काका प्रामाणिकपणे म्हणाले. "साधं पोलाद आहे. त्यापेक्षा हा स्टेनलेसचा घ्या, 150 ला देतो."

स्टेनलेसचा तो खुळखुळणाराच होता. नसता तर मी तिला दोनदा विचार करायला सांगितलं असतं. हर्णैची खारी हवा आणि आंब्याचा चीक, दोन्ही साध्या पोलादाचे वैरी. फळ कापून चाकू तसाच खिशात टाकणाऱ्याने स्टेनलेसच घ्यावा. पण साध्या पोलादाला दगडावर धार चटकन येते, आणि जो माणूस रोज संध्याकाळी पातं पुसून त्यावर खोबरेलाचं बोट फिरवणार आहे, त्याला गंजाची भीती नाही. सुमनला स्वतःचा स्वभाव ठाऊक होता. तिने तोच घेतला. उरलेल्या पैशांतून 90 रुपयांचा दोन बाजूंचा धारेचा दगड घेतला, एक बाजू भरड, एक बारीक. हातात 90 रुपये राहिले.

नव्या चाकूने कागद कापायला घेतला तर कागद फाटला. ती हिरमुसली. तात्या म्हणाले, "कारखान्यातून येते ती नुसती कड असते. धार आपली आपण काढायची. बस इथे."

दगड पाण्यात भिजवून त्यांनी पाटावर ठेवला. पातं आडवं ठेवून पाठ थोडीशी उचलली, रुपयाची दोन नाणी खाली सरकतील एवढीच. "हा कोन धर. हलला तर सगळं गेलं." मग दगडाचा पातळ काप काढायचा आहे अशा बेताने पातं पुढे ढकललं, मुठीकडून टोकाकडे. सात-आठ वेळा झाल्यावर त्यांनी तिला पात्याच्या दुसऱ्या बाजूने, पाठीकडून कडेच्या दिशेने, अंगठा हलकेच फिरवायला लावला. कडेवर बारीकशी खरखर लागली. लोखंडाचा केसाएवढा ओठ तिकडे वळला होता. "तो लागला की समज, ही बाजू झाली. लागेपर्यंत थांबायचं नाही, लागल्यावर जास्त घासायचं नाही." मग दुसरी बाजू, मग दगडाची बारीक बाजू, आणि शेवटी जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या अंगावर पातं उलटं ओढून तो ओठ उतरवून टाकला. आता कागद आवाज न करता दोन झाला. रात्र पडेपर्यंत सुमन दगडापाशी बसली होती. पुढच्या आठवड्यात तिचा कोन बसला.

जुलैत कोय कलमं सुरू झाली. दापोलीला 1972 साली कृषी विद्यापीठ झालं, आणि कोय कलमाची रीत पंचक्रोशीतल्या रोपवाटिकांच्या हाताला पक्की बसली. बाठ्यातून उगवलेलं पंधरा-वीस दिवसांचं रोप, पानं अजून तांबूस, वीतभर उंचीच्या आत छाटायचं आणि खोडाला मधोमध उभी चीर द्यायची. हापूसच्या झाडावरून आणलेल्या, डोळा फुगलेल्या काडीला खालून दोन्ही बाजूंनी उतरता काप देऊन पाचर करायची. पाचर चिरेत बसवायची, साल सालीला भिडवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायचं. सगळं मर्म त्या पाचरेत असतं. काप एका ओढीत यायला हवा. दोनदा घासून केलेली पाचर वर-खाली होते, चिरेत पोकळी राहते, आणि त्या पोकळीत कलम मरतं.

महेशचा हात चांगला होता, पण अकरा अवजारांची जाड मूठ दुपारपर्यंत त्याच्या तळव्यात रुतायची. शिवाय चीक आत जाऊन कात्री आणि करवत चिकटून बसली. 750 रुपयांची वस्तू खराब होतेय म्हणून तो हळहळायचा, आणि मग ती म्यानात ठेवून कोणाचा तरी चाकू मागून घ्यायचा. एक मात्र सांगायला हवं. त्याच महिन्यात पंपाच्या फिल्टरची झाकणी ढिली झाली, तेव्हा महेशने पेचकस काढून ती दोन मिनिटांत बसवली. त्या दिवशी त्याच्या चाकूने सगळ्यांचा अर्धा दिवस वाचवला.

सुमनची कलमं एकेका वाफ्यात रांगेने मांडलेली होती, प्रत्येक रांगेला तारीख आणि सकाळ-दुपारची खूण. तीन आठवड्यांनी तात्या वाफ्यापाशी उकिडवे बसले. सकाळच्या रांगांमधून तांबूस कोंब वर आले होते. दुपारच्या रांगांमध्ये जागोजाग नांग्या होत्या, काड्या काळ्या पडलेल्या. त्यांनी एक मेलेलं कलम उपटलं, पट्टी सोडली आणि पाचर तिच्या हातावर ठेवली. काप गुळगुळीत नव्हता. उभ्या बारीक रेघा होत्या, कडेची साल चेचलेली.

"सकाळी हाच चाकू, दुपारीही हाच?"

"हो तात्या. रोज रात्री धार लावते."

"मधल्या सुट्टीत काय केलंस याने?"

तिने आठवून पाहिलं. जेवणाआधी खताच्या गोण्या आलेल्या असत. त्या ती उघडायची. गोणीच्या शिवणीत खताची खर आणि वाळू असते. पट्ट्या कापणं, पिशव्या कापणं, सगळं त्याच पात्याने. मग दोन घास खाऊन पुन्हा पाचरी.

"मग दुपारी परत दगडावर घेत जाऊ?"

"घे की. पण रोज दोनदा घासलंस तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत पातं किती उरेल? आणि घाईत घासशील ते वेगळंच." तात्यांनी पुढे काही सांगितलं नाही. ते उठले आणि पंपाकडे गेले.

आठवडी बाजाराच्या दिवशी सुमन पुन्हा त्या दुकानात गेली. काकांनी तिला ओळखलं. "आता हात बसला असेल तुमचा. हा बघा, खास कलमांचा, परदेशी. 900 ला आहे, तुम्हाला 850."

तिने तो हातात घेऊन पाहिला. पातं एकाच अंगाने घासलेलं होतं, दुसरं अंग सपाट. पाचरेचा काप त्याने सरळच येणार. खरोखर उत्तम चाकू होता, आणि ती तो पुष्कळ वेळ न्याहाळत राहिली. मग तिने तो जपून परत ठेवला.

"मागच्यासारखाच द्या. तोच, 120 चा."

"तो हरवलात की काय?"

"नाही, आहे. त्याला जोड हवीय."

मागचे 90 तिने जपून ठेवले होते, वर पदरचे 30 घातले. देण्याआधी पातं मधोमध बसतंय का, हलतंय का, तेही पाहिलं. मग रोपवाटिकेत येऊन नव्या चाकूच्या एका अंगाची कड तिने दगडावर पुष्कळशी सपाट केली, त्या परदेशी चाकूसारखी, आणि मुठीला लाल दोऱ्याचे चार वेढे घातले. तो फक्त काडीचा. दर पाचरेनंतर स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचा, म्हणजे एका झाडाचा रोग दुसऱ्याला जात नाही. बिनदोऱ्याचा सुतळीचा, गोणीचा, आंब्याच्या फोडीचा.

ऑगस्टमध्ये एके दुपारी ती पाचरी करत होती. समोर खताची गाडी उतरत होती. महेश भिजतच आला. त्याचा चाकू आताशा पंपाच्या खोलीत, पान्यांच्या डब्यात असायचा.

"सुमन, तुझा चाकू दे जरा. गोणी फोडायचीय."

लाल दोऱ्याचा तिच्या हातातच होता. तो तिने हलवला नाही. डाव्या हाताने कनवटीचा दुसरा काढला आणि मिटलेलाच त्याच्यापुढे धरला.

"हा घे. आणि महेश, तुला रोज लागतो ना? मग रविवारी माझ्याबरोबर बाजारात चल, त्या ट्रेमध्ये अजून दोन होते."