थोडे, पण रोज

नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात आमच्या स्टाफरूममध्ये दरवर्षी तेच बोलणे होते. कुणी सिगारेट सोडलेली असते, कुणी सकाळी फिरायला लागलेले असते, कुणी कुरआन अर्थासह वाचायला घेतलेला असतो. संक्रांतीचा तिळगूळ वाटून होईपर्यंत यातले निम्मे संकल्प मोडलेले असतात आणि मोडल्यावर प्रत्येक जण एकच कारण सांगतो, "हिंमत कमी पडली." आम्हीही पुष्कळ वर्षे हेच म्हणत आलो. परंतु ध्येय सुटते ते खरोखर हिंमत कमी पडते म्हणून का? आणि ज्याचे टिकते, त्याचे हिंमत मोठी म्हणून टिकते का? या प्रश्नाचे उत्तर आम्हाला पुस्तकांतून अर्धेच मिळाले. उरलेले अर्धे एका विद्यार्थिनीच्या वहीने आणि आमच्या घरातल्या माणसाने दिले.

आधी आमची स्वतःची गोष्ट सांगतो. आमचे सगळे शिक्षण उर्दू माध्यमातले. मराठी शाळेत एक विषय म्हणून शिकलो, बाजारात बोललो, पण लिहायची वेळ आली की हात अडायचा. उर्दूत लिंगे दोन, मराठीत तीन. ते तिसरे लिंग आमच्या मानगुटीवर बसले होते. 'किताब' स्त्रीलिंगी, म्हणून आम्ही बिनदिक्कत 'पुस्तक चांगली आहे' म्हणून जायचो. बी.एड.ला असताना पाठ घेताना मागच्या बाकावरून हसू ऐकू आले, त्या दिवशी मनाशी ठरवले की मराठी अशी लिहायला शिकायची, की उर्दूतले मराठीत आणि मराठीतले उर्दूत नेता यावे. दोन्ही भाषा आमच्याच आहेत. मग एकीच्या दारात पाहुण्यासारखे का उभे राहावे?

संकल्प मोठा होता, म्हणून रजिस्टरही मोठे आणले, दोनशे पानी. रोज दोन पाने मराठी लिहायची असे ठरले. चार दिवस लिहिली. पाचव्या दिवशी घरी पाहुणे आले, सहाव्या दिवशी निवडणुकीचे काम आले. सातव्या दिवशी रजिस्टर कुठे ठेवले ते आठवेना. पुढे मोहरमच्या पहिल्या तारखेला दुसरे रजिस्टर आणले, त्यानंतर एक जानेवारीला तिसरे. तिन्हींची मिळून तीस पानेही भरली नाहीत. उरलेल्या कोऱ्या पानांवर घरातल्या मुलांनी गणिते सोडवली.

आमचे एक जुने उस्ताद होते. त्यांच्याकडे आम्ही लहानपणी बोरूने खुशखत गिरवले होते. नस्तालिक लिपीत अलिफ तीन कतांचा असतो. कत म्हणजे बोरूच्या टोकाने उमटणारा ठिपका. तो अलिफ तीन कतांवर नेमका थांबावा म्हणून त्यांनी आमच्याकडून महिनोन् महिने दुसरे काही लिहून घेतले नव्हते. त्यांच्यापुढे आम्ही रजिस्टरांचे रडगाणे गायलो. ते म्हणाले, "दो पन्ने काहे कू? पाँच लकीरां लिखो. मगर फजर के बाद, एकच जगा बैठके, चाय से पहले." त्याच्या दुसऱ्या दिवसापासून आम्ही मराठी दैनिकातल्या पाच ओळी उतरवू लागलो. पाच ओळींना पाहुणे अडवत नाहीत, निवडणूकही अडवत नाही. वर्षाच्या 1825 ओळी झाल्या. पानाला पंचवीस ओळी धरल्या तर ती 73 पाने होतात. आज या गोष्टीला नऊ वर्षे झाली. हा लेख मराठीत लिहिला जात आहे तो त्या पाच ओळींमुळे.

उस्तादांनी सांगितले ते नवे नव्हते. अल्लाहला सर्वांत प्रिय कर्म ते, जे थोडे का असेना पण सातत्याने होते, अशा आशयाची हजरत आयशा (रजि.) यांच्याकडून आलेली हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. ग्रीक तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात हाच विचार दुसऱ्या वाटेने मांडला. माणूस घरे बांधून गवंडी होतो, तसाच न्यायाची कृत्ये करून न्यायी होतो, असे त्याचे म्हणणे. हा विचार पुढे इब्न मिस्कवैह (मृत्यू 1030) यांच्या 'तहजीब-उल-अख्लाक' या ग्रंथात आला. इमाम गजाली (1058–1111) यांनी 'इह्या'मध्ये त्यासाठी दृष्टांत दिला तो खुशनविसाचाच. ज्याला सुंदर अक्षर हवे त्याने कुशल खुशनविसाचा हात जे करतो ते आपल्या हाताने पुन्हा पुन्हा करावे. आरंभी ते ओढूनताणून केलेले अनुकरण असते, शेवटी तो स्वभाव होतो. आमच्या उस्तादांनी 'इह्या' वाचला होता की नाही, ते आम्ही कधी विचारले नाही. बोरूने त्यांना तेच शिकवले होते.

आजचे मानसशास्त्रही फार वेगळे सांगत नाही. लंडनमध्ये झालेले आणि 2009 साली प्रसिद्ध झालेले एक संशोधन आहे. त्यात 96 जणांनी रोज एक नवी साधी सवय लावून घेण्याचा प्रयत्न केला. ती आपसूक होऊ लागायला सरासरी 66 दिवस लागतात असे दिसले. मात्र माणसामाणसांत फरक मोठा होता, अगदी 18 दिवसांपासून 254 दिवसांपर्यंत. आणखी एक दिलासा देणारी गोष्ट त्यात आढळली. मधला एखादा दिवस चुकला म्हणून लागत आलेली सवय मोडत नाही. आम्ही मात्र एक दिवस चुकला की रजिस्टरच माळ्यावर टाकत होतो.

इथवर उत्तर सोपे वाटते. हिंमतीवर विसंबू नका, काम लहान करा, वेळ आणि जागा ठरवा, बाकीचे सवय पाहून घेईल. पण सवयीलाही एक खोड असते. एके दिवशी पाच ओळी लिहून झाल्यावर पाहिले, तर आम्ही एका जाहीर निविदेच्या ओळी सुवाच्य अक्षरात उतरवल्या होत्या. काय लिहिले याचा पत्ता नव्हता. हात चालला होता, मन झोपले होते. आपले उलेमा सांगतात, आदत आणि इबादत यांत फरक करते ती नियत. सवय ध्येयाला पाठीवर घेऊन चालते हे खरे, पण आपण कुठे निघालो होतो ते तिला ठाऊक नसते. ते आपणच तिला अधूनमधून सांगावे लागते. तेव्हापासून तीन ओळी उताऱ्याच्या आणि दोन स्वतःच्या, असा नेम केला. स्वतःच्या दोन ओळी लिहिताना झोपून चालत नाही.

आता त्या उरलेल्या अर्ध्या उत्तराकडे येऊ. त्याची सुरुवात रमजानपासून होते. एरवी आठ वाजता उठणारा माणूस रमजानमध्ये चार वाजता उठून बसतो. फजरला मशिदीत जागा मिळत नाही. ईद होते, आणि आठवडाभरात फजरला पुन्हा दीड सफ उरते. महिनाभर रोज केलेली गोष्ट इतक्या लवकर कशी सुटते? खुतब्यात याला ईमानची कमजोरी म्हणतात आणि ते आम्ही नाकारत नाही. पण थोडे निरखून पाहावे. रमजानमध्ये अख्खा मोहल्ला जागा असतो. खिडकीखिडकीत दिवा असतो, सहरीसाठी कुणी हाक मारत जाते, शाळेच्या वेळा बदलतात, दुकानाचा मालक संध्याकाळी लवकर सोडतो. आणि जो चार वाजता उठतो, त्याच्या घरात एक बाई तीन वाजता उठून चुलीपाशी उभी असते. ईदनंतर हा सगळा आधार निघून जातो. माणूस तोच असतो, त्याची हिंमतही तेवढीच असते.

हे आम्हाला तेव्हा सुचले नाही. सुचले ते सातवीच्या वर्गात. आमच्या पाच ओळींचा आम्हाला अभिमान होता, म्हणून वर्गातही तोच नेम लावला. मुलांनी रोज सकाळी घरी पाच ओळी मराठी लिहायच्या. महिनाअखेर वह्या तपासल्या. एका मुलीची वही मधूनमधून कोरी होती. कोऱ्या तारखांवर आम्ही लाल गोल केले आणि वर्गापुढे तिला उभे करून सातत्यावर व्याख्यान दिले. ती मान खाली घालून ऐकत राहिली. शेजारची मुलगी हळूच म्हणाली, "सर, उस दिन इसके मोहल्ले में नल आता."

आम्ही वही पुन्हा उघडली. लाल गोल 4, 8, 12, 16 या तारखांवर होते. त्या वस्तीत चार दिवसांनी पाणी येते, तेही पहाटे. थोरली बहीण सासरी गेल्यापासून हंडे आणि ड्रम भरण्याचे काम या मुलीकडे आले होते. पाणी भरून होईपर्यंत शाळेची वेळ होते. बाकीच्या प्रत्येक दिवशी तिने पाच ओळी लिहिल्या होत्या, एकही चुकवली नव्हती. आम्ही जिला आळशी ठरवले, तिची सवय आमच्यापेक्षा पक्की होती. वेळ मात्र तिच्या मालकीची नव्हती.

त्या संध्याकाळी हे घरी सांगितले. मुलीबद्दल हळहळ व्यक्त करून झाल्यावर आम्ही सहज म्हणालो, आमच्या नऊ वर्षांत मोजके दिवस चुकले असतील. मुलांची अम्मी भाकरी थापत होती. तिने मान वर न करता म्हटले, "तुमकू उस वक्त कोई आवाज नहीं देता. मैं छोटे कू लेके अंदर बैठती, इसलिए."

त्यात तक्रारीचा सूर नव्हता. म्हणूनच ते जास्त लागले. लग्नाआधी तिने मुक्त विद्यापीठातून बी.ए.ची दोन वर्षे पूर्ण केली होती. तिसऱ्या वर्षाची पुस्तके आमच्या माळ्यावर होती, आमच्या रजिस्टरांच्या शेजारी. आम्ही आमच्या ओळींचा हिशेब ठेवला. त्या पुस्तकांकडे नऊ वर्षांत एकदाही पाहिले नाही. आमचे सातत्य दोघांच्या वेळेतून उभे राहिले होते आणि वहीवर नाव एकाचेच होते.

बुखारीत हजरत सलमान फारसी आणि हजरत अबू दर्दा (रजि.) यांची हकिकत आहे. हिजरतीनंतर पैगंबरांनी (स.) या दोघांना भाऊ-भाऊ केले होते. सलमान भेटायला गेले, तर अबू दर्दांची पत्नी अगदी साध्या, दुर्लक्षित वेशात दिसली. कारण विचारले तेव्हा ती म्हणाली की तुमच्या भावाला दुनियेशी काही देणेघेणे उरलेले नाही. अबू दर्दा दिवसा रोजा ठेवीत आणि रात्री नमाजला उभे राहत. त्यांच्या सातत्यात काहीच उणे नव्हते. सलमानांनी त्यांना आपल्याबरोबर जेवायला लावले, रात्री झोपायला लावले आणि रात्रीच्या अखेरच्या प्रहरी दोघांनी मिळून नमाज अदा केली. मग सांगितले की तुमच्यावर रबचा हक्क आहे, तुमच्या जीवाचा आहे, तसाच घरच्यांचाही आहे. ज्याचा त्याला द्या. पैगंबरांपर्यंत (स.) हे गेले तेव्हा त्यांनी सलमान यांचे म्हणणे खरे ठरवले. ही हकिकत आम्ही मुलांना किती वेळा शिकवली असेल. शिकवताना आमचे लक्ष नेहमी दोन सहाबींवर राहिले. प्रश्न जिच्यामुळे उभा राहिला त्या बाईकडे आम्ही कधी नीट पाहिलेच नाही.

यावर कुणी म्हणेल, मग प्रत्येक आळशी माणसाला परिस्थितीचे निमित्त मिळाले. तसे नाही. आमची तीन रजिस्टरे कोरी राहिली तेव्हा आम्हाला नळावर कुणी पाठवले नव्हते. ज्याला वेळ मिळाली आहे, त्याने ती सवयीने राखली पाहिजे. तिथे निमित्त चालणार नाही. पण ज्याला वेळच मिळालेली नाही, त्याला सातत्याचा उपदेश करण्याआधी आपण त्याची किती वेळ वापरतो आहोत, याचा हिशेब करायला हवा. इस्तिकामत हा एकट्याचा गुण म्हणून आपण गौरवतो. तिला लागणारी शांतता, दिवा आणि चहाचा पेला कुठून येतो, ते विचारत नाही.

आता वर्गात परिपाठानंतरची दहा मिनिटे सगळेच पाच ओळी लिहितात. त्या मुलीची वही चौथ्या दिवशी कोरी राहत नाही. लाल गोल केल्याबद्दल आम्ही तिची वर्गापुढेच माफी मागितली, कारण रागावलोही वर्गापुढेच होतो. घरी फजरनंतरचा पाऊण तास मुलांच्या अम्मीचा झाला आहे. तिने फेरनोंदणी केली, माळ्यावरची पुस्तके खाली आली. काही विषयांची पुस्तके बदललेली निघाली, ती नवी आणावी लागली. धाकट्याचे दूध आणि थोरलीची वेणी आमच्याकडे आली आहे. वेणी वाकडी होते, थोरली कुरकुर करते. आमच्या पाच ओळी मधल्या सुट्टीत गेल्या. तिथे गोंगाट असतो, आठवड्यातून एखादा दिवस चुकतोही. चुकलेल्या दिवशी तो लंडनचा निष्कर्ष आठवून दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहायला बसतो.

तिची परीक्षा मे महिन्यात आहे. निकाल काय लागेल, कोण जाणे. वाचकहो, तुमच्यापैकी कुणी येत्या एक तारखेला काही संकल्प करणार असेल, तर काम लहान ठेवा आणि वेळ ठरवा. मात्र ती वेळ ठरवण्याआधी एकदा घरात विचारून घ्या की त्या वेळी दुसऱ्या कुणाला काही करायचे आहे का.