पुरावा आधी, कारण मागून

चंद्रपूर जिल्ह्यात, पैनगंगेच्या खोऱ्यात, इरई गावाजवळ चुनखडकाचा एक पृष्ठभाग घासून गुळगुळीत झालेला आहे. त्यावर समांतर ओरखडे आहेत. 1870 च्या दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या फ्रान्सिस फेडन यांनी त्यांची नोंद केली. दगडगोटे पोटात धरून पुढे सरकणारी हिमनदी आपल्या वाटेतल्या खडकावर अशा रेघा ओढत जाते. त्या खडकावर पसरलेला गोट्यांचा थरही हीच साक्ष देतो. ओडिशातल्या तालचेरवरून नाव मिळालेला हा थर सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वीचा आहे. उन्हाळ्यात जिथे पारा 45 अंशांपुढे जातो, त्या चंद्रपुरात एके काळी बर्फ सरकत होता.

त्या काळात सगळी पृथ्वीच गारठली होती, असे म्हणून हे कोडे सुटत नाही. त्याच सुमाराच्या बर्फाच्या खुणा दक्षिण आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातही आहेत. पण युरोपात आणि उत्तर अमेरिकेत तेव्हा उष्ण, दलदलीची अरण्ये माजली होती आणि त्यांचा पुढे कोळसा झाला. दक्षिणेकडचे हे भूभाग मात्र नकाशावर एकत्र आणून दक्षिण ध्रुवाभोवती मांडले, की विखुरलेल्या त्या सगळ्या खुणा एकाच हिमप्रदेशात येऊन बसतात.

आल्फ्रेड वेगेनर या जर्मन हवामानशास्त्रज्ञाने नेमके हेच केले. जानेवारी 1912 मध्ये फ्रँकफर्टच्या व्याख्यानात त्याने खंड सरकतात हा विचार मांडला आणि 1915 मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका यांचे किनारे एकमेकांत बसतात, हे त्याच्या आधीही अनेकांच्या नजरेला आले होते. वेगेनरचे मोठेपण त्यापुढच्या कामात आहे. फाटलेल्या वर्तमानपत्राचे तुकडे जुळवताना कडा जुळल्या तरी तेवढ्यावर थांबू नये, छापील ओळी या तुकड्यावरून त्या तुकड्यावर सलग वाचता येतात का ते पाहावे, असे तो सांगे. म्हणून त्याने अटलांटिकच्या दोन्ही काठांवरचे खडकांचे थर, पर्वतरांगा, जीवाश्म आणि प्राचीन हवामान यांची एकत्र पडताळणी केली.

मेसोसॉरस या छोट्या सरपटणाऱ्या प्राण्याचे जीवाश्म ब्राझीलमध्ये आणि दक्षिण आफ्रिकेत सापडतात. तो काही महासागर पोहून जाणारा प्राणी नव्हता. ग्लॉसॉप्टेरिस या जिभेच्या आकाराच्या पानांच्या वनस्पतीचे ठसे भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात मिळतात. नागपूरजवळच्या कामठीवरून ज्यांना नाव मिळाले, त्या खडकांतही ते आहेत आणि विदर्भातला कोळसाही त्याच काळातला आहे. वेगेनरच्या व्याख्यानानंतर सुमारे महिन्याभराने, दक्षिण ध्रुवावरून परतणाऱ्या कॅप्टन स्कॉटच्या तुकडीने अंटार्क्टिकातल्या बिअर्डमोर हिमनदीकाठचे दगड गोळा केले. उपासमार आणि थंडीने मरणाच्या दारात असतानाही त्यांनी ते सुमारे 16 किलोंचे ओझे टाकून दिले नाही. पुढे त्यांच्या मृतदेहांजवळ ते दगड सापडले आणि त्यांतही ग्लॉसॉप्टेरिसची पाने निघाली.

यावर त्या काळी ठरलेले उत्तर असे होते की खंडांना जोडणारे जमिनीचे पूल पूर्वी होते, ते पुढे समुद्रात बुडाले. वेगेनरने या उत्तरातला दोष दाखवला. खंड हलक्या खडकांचे आहेत आणि सागरतळ जड खडकांचा. हलके जडावर तरंगते. एवढा मोठा भूभाग खोल समुद्रात सहज बुडून जाणे शक्य नाही.

तरीही बहुतेक भूवैज्ञानिकांनी खंडवहन नाकारले. त्यांचा मुख्य प्रश्न रास्त होता: खंडांना ढकलणारी शक्ती कोणती? वेगेनरने पृथ्वीच्या परिवलनातून निर्माण होणारे बल आणि चंद्र-सूर्याचे आकर्षण ही कारणे सुचवली. केंब्रिजच्या हॅरल्ड जेफ्रीज यांनी गणित मांडून ही बले फारच क्षीण असल्याचे दाखवले, आणि त्यांचे ते गणित बरोबर होते. वेगेनरचे काही पुरावेही कच्चे होते. ग्रीनलंड दर वर्षी कित्येक मीटर सरकते असे त्याने मानले होते. प्रत्यक्षातला वेग काही सेंटिमीटरचा आहे. नोव्हेंबर 1930 मध्ये त्याच ग्रीनलंडच्या बर्फावर, संशोधन मोहिमेवर असताना त्याचा मृत्यू झाला, तेव्हा त्याचा सिद्धान्त जवळपास बाजूला पडला होता.

मला या साऱ्यात मोलाचा वाटतो तो इथला तर्कदोष. खंड सरकले का, हा एक प्रश्न. ते कशामुळे सरकले, हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर चुकले म्हणून पहिल्याचे उत्तर चुकीचे ठरत नाही. भूवैज्ञानिकांनीच हिमयुगे झाली हे एकोणिसाव्या शतकातच स्वीकारले होते, आणि तेव्हा हिमयुगांचे कारण कोणाला पटेल असे सांगता येत नव्हते. तिथे खडकांवरच्या खुणा पुरेशा ठरल्या. खंडांच्या बाबतीत मात्र त्याच तोलाच्या खुणा अपुऱ्या मानल्या गेल्या, कारण त्या स्वीकारायच्या तर भूगोलाची मांडणीच बदलावी लागणार होती. सवयीच्या कल्पनेला धक्का बसला की आपण पुराव्याची अट वाढवतो, आणि ती वाढवली आहे हे आपल्या ध्यानातही येत नाही.

काहींनी मात्र दोन्ही प्रश्न जिवंत ठेवले. दक्षिण आफ्रिकेच्या अलेक्झांडर दु टोइट यांनी अटलांटिकच्या दोन्ही काठांवर हिंडून थर ताडून पाहिले. आर्थर होम्स यांनी पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेमुळे प्रावरणात मंद प्रवाह वाहत असावेत आणि तेच खंडांना वाहून नेत असावेत, असे सुचवले. भारतात पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांनी 1930 च्या दशकात वनस्पती-जीवाश्मांच्या प्रकाशात वेगेनरचा विचार गंभीरपणे तपासला.

मग साक्ष देऊ लागले आपल्या पायाखालचे काळे दगड. लाव्हा थंड होताना त्यातली लोहखनिजे त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची दिशा धरून ठेवतात. हे क्षेत्र विषुववृत्तावर जमिनीला समांतर असते आणि ध्रुवाकडे जाताना अधिकाधिक कलते. म्हणून खडकातल्या कलावरून तो घडला तेव्हाचा अक्षांश काढता येतो. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातले क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी दख्खनच्या बेसाल्टवरचे असे काम 1956 मध्ये प्रसिद्ध केले. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा वाहिला तेव्हा ही भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती, असे त्यातून दिसले. इतकेच नव्हे, तर 1963 मध्ये व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी सागरतळावरच्या चुंबकीय पट्ट्यांचा जो अर्थ लावला, त्याचा मोठा आधार हिंदी महासागरातल्या कार्ल्सबर्ग पर्वतरांगेची पाहणी हाच होता. सागरतळ मधोमध दुभंगतो, तिथे नवा खडक तयार होतो आणि दोन्ही बाजूंना सरकतो, हे त्या पट्ट्यांनी दाखवले.

वेगेनरने कल्पिल्याप्रमाणे खंड सागरतळ कापत पुढे जात नाहीत. सागरतळासह ते मोठ्या भूपट्टांवरून वाहून नेले जातात. म्हणजे त्याचे निदान बरोबर होते, त्याची यंत्रणा चुकीची. आज उपग्रहांच्या मदतीने भारताचा वर्षाला सुमारे 5 सेंटिमीटरचा वेग प्रत्यक्ष मोजला जातो.

कारण सांगता न येणारा प्रत्येक दावा खरा मानावा, असा याचा अर्थ नाही. खंडवहनाचे बळ त्याच्या पुराव्यांच्या स्वतंत्रपणात होते. हिमनदीचे ओरखडे, जीवाश्म, पर्वतरांगा आणि कोळशाचे थर यांचे अभ्यासक वेगवेगळे, पद्धती वेगळ्या, तरी सगळ्यांचा निष्कर्ष एका ठिकाणी मिळत होता. असे घडते तेव्हा कारण ठाऊक नसणे हे नकाराचे निमित्त होऊ शकत नाही. तो पुढच्या शोधाचा विषय असतो. खाली बुडणाऱ्या भूपट्टाची ओढ आणि प्रावरणातले प्रवाह यांचा वाटा किती, यावर आजही अभ्यास चालू आहे. तो अपुरा आहे म्हणून खंड स्थिर आहेत, असे आज कोणी म्हणत नाही. तर्काची ही साधी शिस्त 1920 च्या दशकात पाळली गेली असती, तर इरईच्या खडकाची साक्ष कितीतरी आधी मान्य झाली असती.